लॅटिनमधला ताप

माझ्या संशोधनाचा विषय सांगितला की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे नेमकं काय?" पूर्वी मी बसून समजावून सांगायचे. आता ते सोडून दिलंय. कॉम्प्युटर, साथीचे रोग आणि दोन हजार वर्षांपूर्वीचं लॅटिन साहित्य, एवढं ऐकलं की समोरच्याच्या तोंडावर लिहिलेलं दिसतं, बाई गं, तुला दुसरं काही मिळालं नाही का? पीएचडीच्या प्रगती समितीतले एक गृहस्थ प्रत्येक बैठकीला पेन आपटत म्हणायचे, "मॅडम, ह्याचा उपयोग एका वाक्यात सांगा." एका वाक्यात! माझ्या डोक्यात तिडीक जायची, पण तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या बाईला तिडीक परवडत नाही. मी गोड हसायचे आणि एका वाक्यात सांगायचे.

आता इथेही सांगते, पण दोनचार वाक्यं लागतील. जुन्या लॅटिन कवींनी आणि इतिहासकारांनी साथींची वर्णनं लिहून ठेवलीत. आधी ताप आला, मग डोळे लाल झाले, मग तहान, मग बरळणं, असं ओळीनं. ती ओळ कॉम्प्युटरला वाचायला शिकवायची आणि त्याच्याकडून काढून घ्यायचं की हा रोग कुठल्या रोगासारखा दिसतो आणि असा रोगी पुढे वाचतो की मरतो. कॉम्प्युटर मला येतो, तोच मी कॉलेजात शिकवते. रोगांचं वाचून वाचून शिकले. लॅटिनमधलं मात्र ओ की ठो कळत नव्हतं.

त्यासाठी सर भेटले. आजऱ्याकडच्या ख्रिस्ती घरातले. तरुणपणी धर्मगुरू व्हायला म्हणून शिकायला गेले, तिथं लॅटिन शिकले, आणि लॅटिन तेवढं घेऊन परत आले. जन्मभर कोल्हापुरात इंग्रजी शिकवलं. लग्न केलं नाही. थोरली विधवा बहीण त्यांच्याकडे राहायची, तिला सगळी पेठ अक्का म्हणायची, मीही म्हणायचे. पहिल्या दिवशी मी भीत भीत काम सांगितलं तर सर म्हणाले, "इतकी वर्षं हे ओझं डोक्यात घेऊन फिरतोय. उतरवून घेणारं कुणीतरी आलं म्हणायचं." आणि लगेच आत वळून ओरडले, "अक्का, चहा टाक. गिऱ्हाईक आलंय!"

मग रोज संध्याकाळी मी त्यांच्याकडे. ते उतारा निवडायचे, मोठ्यानं वाचायचे, मराठीत सांगायचे, आणि मी लक्षणं ओळीनं लॅपटॉपवर टिपायचे. माझं काही चुकलं की टेबलावर बोट आपटायचे. "घाम नंतर. आधी थरथर. कवी गाढव नव्हता." माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस होते. मला तेव्हाही ते कळत होतं.

आणि मग सरांना ताप आला.

पहिल्यांदा कुणी मनावर घेतलं नाही. चार दिवस आला, गेला. परत आला. संध्याकाळी अंग तापायचं, सकाळी गादी घामानं ओली, दिवसभर माणूस बरा. आठवडाभर काहीच नाही, की परत तेच. मग कंबर धरली. खुर्चीतून उठताना तोंडातून आवाज निघायला लागला. एका डॉक्टरनं टायफॉइड म्हणून औषध दिलं, दुसऱ्यानं मलेरिया तपासला, तिसऱ्यानं पाठीचा एक्सरे काढून टीबीची शंका घेतली. प्रत्येक औषधानं ताप थोडे दिवस दबायचा आणि आम्ही उड्या मारायचो. परत आला की अक्का देवाला आणि मी गूगलला धरायचो. डॉक्टर विचारायचे, बाहेरचं खाता का? नाही. पाणी उकळून? हो. दूध तापवून? अक्कांना राग यायचा. "माझ्या घरात तापवल्याबिगर दुदाला कोण हात लावत न्हाय!" आणि ते शंभर टक्के खरं होतं. पिशवीचं दूध त्या दोनदा उतू जाईपर्यंत तापवायच्या.

सर वाळत चालले. विजार दोरीनं बांधायला लागले. तरी मला सुट्टी नाही. "आज दोन उतारे झालेच पाहिजेत," म्हणायचे, आणि एक अर्धा झाला की डोळे मिटायचे. मी लॅपटॉपवर दोन हजार वर्षांपूर्वीचे ताप भरत बसायचे आणि समोर हा ताप, त्याचं नाव कुणाला सांगता येत नव्हतं. माझं डोकं फिरायचं. एकदा तर मी उठून मोरीत गेले, नळ सोडला आणि जोरात रडून घेतलं. बाहेर आले तर अक्का म्हणाल्या, "रडू नको. ताकद न्हाय राहिली त्याच्यात, दुसरं काय न्हाय. ताकद आली की उठतोय बघ."

ताकदीसाठी पेठेनं काय काय केलं! कुणी अंडी आणून दिली, कुणी पायाचा रस्सा, कुणी खारीक भिजवून. पण सगळ्यात जास्त भरवसा कट्ट्यावर. आमच्याकडे संध्याकाळी चौकातल्या कट्ट्यावर म्हशी येतात. गवळी तुमच्यादेखत धार काढतो, फेसासकट पेला हातात देतो, आणि तुम्ही तिथंच उभ्यानं पिता. धारोष्ण. पैलवान पितात, बाळंतिणीला नेतात, परीक्षेच्या दिवसांत पोरांना पाजतात. त्याला कुणी दूध म्हणून मोजतच नाही, ती ताकद आहे. सर तरुणपणापासून कट्ट्यावर जायचे. चालवेना तेव्हा अक्का पितळी तांब्या घेऊन जायला लागल्या, आणि ताप जसा वाढला तसा त्यांनी तांब्याही मोठा केला. ऊन ऊन आणायच्या, पदरात धरून, वाटेत कुणाशी बोलायच्या नाहीत, गार होईल म्हणून.

शेवटी धाप लागली आणि सरांना सरकारी दवाखान्यात ठेवलं. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, मराठवाड्याकडच्या. बोलायला कडक. त्यांनीही तेच सगळे प्रश्न विचारले, आम्हीही तीच उत्तरं दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या खाटेपाशी उभ्या असताना अक्का तांब्या घेऊन आल्या आणि झाकण काढलं. वर अजून फेस होता.

"हे काय?"

"धारोष्ण हाय," पेला भरून सरांच्या ओठाला लावत अक्का कौतुकानं म्हणाल्या. "म्हशीखालनं उचलून थेट आणतो मी. रोज पाजतो त्याला."

डॉक्टरीणबाईंनी सरांच्या ओठाला लागलेला पेला हातातून ओढून घेतला. थोडं दूध चादरीवर सांडलं. "रोज? कधीपासून?"

"व्हय, रोज. कवापासनं म्हंजे? जलमभर पितोय की त्यो!"

त्यांनी नर्सला हाक मारून रक्त काढायला लावलं, आणि मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "तुम्ही शिकलेल्या दिसता. घरात एवढी वर्षं येता. कुणीच कसं सांगितलं नाही?" काय सांगणार? आम्ही काही लपवलं नव्हतं हो. त्याला आम्ही खाण्यापिण्यात धरतच नव्हतो.

रक्ताच्या तपासात निघालं, ब्रुसेलोसिस. जनावरांचा रोग, न तापवलेल्या दुधातून माणसात येतो. ताप येतो-जातो, घाम, कंबर, सगळं तंतोतंत. नाव कळल्याचा मला इतका आनंद झाला की मी कॉरिडॉरमध्ये डॉक्टरीणबाईंना मिठीच मारली. त्यांनी मला अलगद बाजूला केलं. जंतू हृदयाच्या झडपेवर जाऊन बसलेत, म्हणाल्या. औषधं लगेच सुरू करू, पण झडप खराब झालीय, ऑपरेशन लागेल, आणि ह्या वयात, ह्या अंगानं ते सोसेल असं मी म्हणणार नाही. उशीर झालाय. हे शेवटचं वाक्य त्यांनी खाली बघून म्हटलं.

मी तिथून तडक कट्ट्यावर गेले. का, ते मलाही माहीत नाही. कुणालातरी बोल लावल्याशिवाय मला श्वास घेता येत नव्हता. गवळी धार काढत होता, भोवती चार गिऱ्हाइकं. मी सगळ्यांसमोर तोंड सोडलं. तुझ्या म्हशीनं आमचा माणूस मारायला काढलाय, पेले खाली ठेवा, पिऊ नका!

"ओ ताई, आवाज खाली," तो उठून म्हणाला. "काय बी काय बोलताय? चार पिढ्या आमी हेच पितोय. काय झालं न्हाय आमाला."

"म्हशीनं गाभ टाकलाय का कधी?" ह्या रोगानं जनावरं गाभ टाकतात, हे मी दवाखान्याच्या जिन्यात फोनवर वाचलं होतं.

 गिऱ्हाइकं माझ्याकडे आणि मग त्याच्याकडे बघायला लागली. "उन्हाळ्यात टाकला एकीनं," तो म्हणाला. "टाकत्यात की जनावरं. म्यांच वडून काढला." मग माझ्या अगदी जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "माझी बी कंबर धरल्या, ताई. ताप येतोय, जातोय. त्येच हाय काय हे?" माझा सगळा आवेश गळाला. मी त्याला डॉक्टरीणबाईंचा वॉर्ड सांगितला आणि उद्याच जा म्हणाले. तो हो म्हणाला आणि तसाच उभा राहिला, हात ओले.

अक्कांना कुणी काही सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पण त्या काही खुळ्या नव्हत्या. पेला ओढून घेतलेला त्यांनी बघितला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तांब्या मोडीत घालून टाकला आणि दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसल्या. मी शेजारी बसले. "मीच की गं पाजलं," म्हणाल्या. "नको म्हणायचा तवा बी पाजलं. लेकरागत वाढवला त्याला आणि मीच पाजलं." मी खूप बोलले. जंतू आधीपासूनच होते, सर स्वतःच कट्ट्यावर जात होते, तुमचा काही दोष नाही. त्यांनी एक शब्द ऐकला नाही. त्या दिवसापासून त्या वॉर्डाच्या दारापर्यंत यायच्या, आत यायच्या नाहीत.

औषधांनी ताप उतरला. खरंच उतरला. सर उशीला टेकून बसले, दोन घास खाल्ले, आणि मला लॅपटॉप आणायला सांगितलं. मला वाटलं, जिंकलो. पण धाप काही कमी होईना. पाय सुजले. बोलताना मध्येच थांबून श्वास गोळा करावा लागायचा. सर्जन येऊन बघून गेले आणि डॉक्टरीणबाईंशी इंग्रजीत हळू बोलले. सरांना इंग्रजी येतं हे त्यांच्या लक्षात नसावं.

त्या दुपारी सर म्हणाले, "माझी लक्षणं घाल त्यात."

"कशात?"

"तुझ्या प्रोग्राममध्ये. बघू काय म्हणतो."

"सर, ते जुन्या मजकुरासाठी आहे. असं चालत नाही ते."

"मीही जुनाच मजकूर आहे. घाल."

मी घातली. ते सांगत गेले, ओळीनं, काही न विसरता. थंडी, मग ताप, मग घाम, मग कंबर, मग बारीक होणं, मग धाप. एका जागी मी घाईनं उलटं टिपलं तर त्यांनी खाटेच्या दांड्यावर बोट आपटलं. मी बटण दाबलं. उत्तर यायला क्षणही लागला नाही. मी स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"काय म्हणतो?"

"जगणार म्हणतोय," मी म्हणाले.

सर हसायला लागले. हसता हसता खोकले, खोकता खोकता निळे पडले, मी पाठ चोळली. श्वास आला तेव्हा म्हणाले, "अगं खोटारडे, तो तसं म्हणूच शकत नाही. त्यात जगलेला माणूस आहेच कुठं? सगळे उतारे मीच निवडलेत. कवी मरणाऱ्यावर लिहितो. बरा झालेला माणूस उठतो आणि कामाला जातो. त्याच्यावर कोण कशाला लिहील?"

मी लॅपटॉपकडे बघत राहिले. खरं होतं. तीन वर्षं मी त्याला मेलेली माणसं भरवत होते, आणि तो प्रत्येकाला एकच उत्तर देत होता, आणि मी त्याला अचूकता म्हणत होते. पण त्या वेळी संशोधन गेलं खड्ड्यात. मला सरांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. थट्टा सगळी उतरली होती. आयुष्यभर पुस्तकी मराठी बोललेल्या त्या माणसानं माझं मनगट धरलं, बोटांत मुळीच जोर नव्हता, आणि अक्कांच्या भाषेत म्हणाला, "मला जगायचं हाय गं. काय तरी कर. मला अजून जगायचं हाय."

दारात अक्का उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या आत आल्या. खाटेवर चढून बसल्या, लहान पोराचं घ्यावं तसं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि केसांतून हात फिरवत म्हणाल्या, "जगतोयस की. कुटं जातोयस?" मी दुसरा हात धरून बसले. मला येत होतं ते सगळं माझं करून झालं होतं.

सर जगले नाहीत.