दोन सारखे पंख

“पहले बैठो,” हे चाचांचं पहिलं वाक्य. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, ते त्याला सतरंजीवर बसवायचे, वाद्य मांडीवर द्यायचे आणि मगच काय बिघडलंय ते विचारायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, आधी माणूस बघणारी.

आबिड्सच्या बाजारामागच्या गल्लीत त्यांचं वाद्यं दुरुस्त करायचं दुकान होतं. सतारी, हार्मोनियम, अधूनमधून एखादी गिटार. गल्ली त्यांना चाचा म्हणे, म्हणून मीही.

तेव्हा आमच्या नल्लकुंट्यात नुकती केबल आली होती आणि टीव्हीवरच्या गिटारवाल्यांनी मला वेड लावलं होतं. पण मी डावखुरी. शाळेत त्यापायी पट्ट्या खाल्ल्या होत्या. क्लासचे सर म्हणाले, “उजव्या हातानं शिक, नाहीतर सोड.” दुकानांत मिळायच्या त्या गिटारी सगळ्या उजव्यांच्या, उलट्या धरल्या की खालची खाच वर जायची आणि पोटच बोटांच्या आड यायचं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये वाजवायचं एवढं एकच खूळ डोक्यात होतं, आणि ते सुटत चाललं होतं.

एका मासिकात इंग्रजी व्हीच्या आकाराची इलेक्ट्रिक गिटार दिसली. ते चित्र चाचांपुढे ठेवलं.

“गिटार है कि पतंग?” ते म्हणाले. मग चित्र उलटंसुलटं फिरवलं. “दोनों बाजू एक सरीखे हैं, बेटा. उल्टा पकड़ो, सीधा पकड़ो, इसको क्या फरक पड़ता?”

मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. पण अक्कल कुठे होती? पुढच्याच आठवड्यात त्याच गिटारचा नवा प्रकार सापडला, एक पंख लांब, एक आखूड. फार ऐटबाज. मी हट्ट धरला, हीच हवी. चाचा “हौ” म्हणाले आणि चित्राबरहुकूम बनवायला बसले. दोन महिने राबले. लाकडाला हात लावला तर बोट घसरे.

“पहले बैठो.”

मी सतरंजीवर बसले, गिटार डावखुरी धरली आणि लांब पंख खाली येऊन जमिनीवर टेकला. हात चालेना. चित्र उजव्या माणसाचं होतं, हे आम्हा दोघा शहाण्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्यांची मेहनत वाया जाईल म्हणून मी म्हटलं, “राहू द्या चाचा. मी उजव्या हातानं शिकेन.”

“नक्को,” ते म्हणाले. गिटार माझ्याकडून घेतली, पट्टी लावून पेन्सिलीनं रेघ ओढली आणि करवत उचलली. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा लांब पंख आखडून दुसऱ्याएवढा झाला होता. पुढच्या आठवड्यात तारांचा क्रम उलटा करून दिला, आणि मांडीवरून घसरू नये म्हणून कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली. वर मलाच समजावलं, “लकड़ी काटने की चीज है, हाथ नहीं.”

गॅदरिंगला मी त्यांना बोलावलं. ते मागच्या रांगेत कानांत बोटं घालून बसले होते, पण शेवटपर्यंत बसले. मी चुकले, दोनदा चुकले, पण माझ्या हातानं चुकले.

आता चाचा नाहीत. दुकान त्यांच्यामागे लगेच बंद झालं. आभार असे मी कधी मानले नाहीत, याची रुखरुख आहे. पण गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन गेले होते. आनंदाच्या भरात डाव्या हातानंच पेढा पुढे केला. वडीलधाऱ्या, नमाजी माणसाला डाव्या हातानं खायचं देणं, आमच्या घरी काय नि त्यांच्या घरी काय, वाईटच. मी शरमून हात मागे घेऊ लागले.

“उसीच हाथ से दो,” चाचा म्हणाले. त्यांनी उजवा तळवा पुढे केला, पेढा घेतला, “बिस्मिल्ला” म्हणाले आणि तोंडात टाकला.