पालथं पातेलं

पंचविशीत मी स्नेहलतागंजमधल्या एका शाळेत इतिहास शिकवायचे, आणि माझ्याएवढी हुशार बाई अख्ख्या इंदुरात नाही असा माझा प्रामाणिक समज होता. वेणीत गजरा, काखेत नकाशा, डोक्यात हवा.

सातवीला ग्रीकांचे सण आले. अथेन्समधला फुलांचा सण तीन दिवसांचा. शेवटच्या दिवशी मेलेली माणसं गावात येतात, म्हणून दारांना डांबर फासायचं. त्यांच्यासाठी सगळी धान्यं एकत्र शिजवायची, जिवंत माणसानं चाखायची नाहीत. आणि शेवटी ओरडून सांगायचं, 'बाहेर व्हा, सण संपला!'

मी म्हटलं, करूनच दाखवू! मुलींनी मूठमूठ धान्य आणलं. माझ्या माहेरच्या पितळी पातेल्यात ते स्टोव्हवर शिजवलं, चौकटीला डांबर लावलं.

झाडणाऱ्या मावशी दारातूनच म्हणाल्या, "मॅडमजी, बुलाना आसान है. भेजेगा कौन?"

"अहो मावशी, हा इतिहास आहे!" मी हसले. मोठी शहाणी!

पाचची घंटा झाली. एक मुलगी दप्तर घेऊन घुटमळली. "मॅडम, ते शेवटचं ओरडायचं राहिलं ना."

"उद्या," मी म्हटलं.

विसरले नव्हते मी. त्याच हिवाळ्यात माझी आई गेली होती. 'एकदा येऊन जा' असं तिचं पत्र आलं, तेव्हा मी पेपर तपासत बसले. पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. मला तिला एकदा भेटायचं होतं, म्हणून ते वाक्य गिळलं.

सकाळी वर्गाचं कुलूप मीच उघडलं. किल्ली माझ्याच पर्समध्ये होती. पातेलं रिकामं, घासलेलं, टेबलावर पालथं. त्याखाली डाव झाकलेला. आई तस्साच झाकायची, पाल फिरू नये म्हणून. चौकटीच्या डांबरात, आतल्या बाजूनं, बोटांचे ठसे होते.

घाबरायचं सोडून ही बावळट पातेलं छातीशी धरून घरी आली! मग दर वर्षी त्या दिवशी धान्य शिजवायचं, वाक्य काही बोलायचं नाही. आणि दर सकाळी पातेलं पालथं, खाली डाव. घरच्यांना वाटायचं, मीच घासते.

यंदा धान्य शिजवताना नातीला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. तिनं पातेल्यात डाव फिरवला. मग म्हणाली, "पण आजी, यार, तिला जायचं असेल तर?"

पन्नास वर्षांत हे मला सुचलं नव्हतं, भिया! इतिहासाची बाई म्हणे.

दिवेलागणीला दार सताड उघडलं. ओरडवेना. हळूच म्हटलं, "आई, सण संपला." पाठीमागे स्वयंपाकघरात भांडं वाजलं, एकदाच. नातीनं माझा हात घट्ट धरला.

सकाळी पातेलं भरलेलंच होतं, दाणे गार, सुकलेले. मीच घासलं, पालथं घातलं. खाली ठेवायला डाव शोधला, तर डाव नाही.

नात म्हणते, तूच कुठे तरी ठेवला असशील. असेन बाई. पण ती म्हणते आणि उंबऱ्याकडे बघते.