दार नसलेलं नाटक

रविवारी दुपारी साडेबाराचा प्रयोग म्हणजे जेवणाचंही वाटोळं आणि वामकुक्षीचंही. तरी मी गेले. एका नटासाठी गेले हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मला ते नाटक आवडलं असा कुणाचा तरी गैरसमज व्हायचा.

नाटक जुनं, गाजलेलं. कॉलेजात असताना पहिल्यांदा पाहिलं, मग इतक्यांदा पाहिलं की मोजणं सोडून दिलं. गोष्ट साधी. एक विधुर पोस्टमास्तर, त्याचा एकुलता एक मुलगा, आणि तिसऱ्या अंकाच्या शेवटी तो मुलगा भांडून घर सोडतो. बाप अडवत नाही. एवढंच म्हणतो, "जा. दार मात्र ओढून घेऊ नकोस." मुलगा जातो, दार उघडं राहतं, पडदा. लोक नाक पुसत बाहेर पडायचे. तेव्हा तो मुलगा करायचा माझा हा नट. प्रेक्षकांकडे पाठ करून तो ते वाक्य ऐकायचा, आणि त्या नुसत्या पाठीकडे बघून आम्ही हुंदके द्यायचो.

आता तो सत्तरी ओलांडून गेलाय आणि तेच नाटक 'नव्या संचात, नव्या रूपात' आलंय. या वेळी तो बाप. मागच्या वर्षी दुसऱ्या एका नाटकात तो भर प्रयोगात संवाद विसरला होता, पडदा पाडावा लागला होता. तेव्हापासून आख्ख्या पुण्यानं त्याला निकालात काढलंय. आपल्याकडे माणूस आजारी पडला की चौकशीला चार जण येतात आणि तो संपला हे सांगायला चाळीस. हा त्याचा परतीचा प्रयत्न होता. निर्मात्यानं दुसरा नट तयार ठेवलाय, हा अडखळला की बदलायचा, असं सगळीकडे बोललं जात होतं. त्यामुळे मी पहिल्या रांगेतली तिकिटं काढली. तो अडखळू नये एवढीच माझी इच्छा होती. बाकी नाटक खड्ड्यात गेलं तरी चालणार होतं, आणि ते गेलंच.

तिसरी घंटा झाली आणि आधी एका बिल्डरची जाहिरात. मग एका तेलाची. मग मोबाईल बंद ठेवण्याची विनंती, जी ऐकून माझ्या मागच्या गृहस्थांनी मोबाईल काढला आणि 'आत्ताच सुरू होतंय, बोल' असं कुणाला तरी सांगितलं. पडदा उघडला आणि मी आमच्या ह्यांचा दंड धरला. घरच नव्हतं! पोस्टमास्तरचं ते कौलारू घर, ती ओसरी, ते दार, काही नाही. मागे भला मोठा चकचकीत स्क्रीन आणि त्यावर घराचं चित्र. दाराचंसुद्धा चित्र. अहो, दाराचंच नाटक आहे हे! उद्या लग्न लावाल आणि नवऱ्या मुलाचा फोटो ठेवाल.

"शांत बस गं," हे म्हणाले, आणि पाच मिनिटांत झोपले. सुटले बिचारे.

मी मात्र जागी होते. तीन अंकांचे दोन केलेले, तेही दुसऱ्यातिसऱ्याची भेळ करून. मुलाचं काम कुठल्याशा मालिकेतला देखणा ठोकळा करत होता. त्याला दुःख झालं की तो केसांतून हात फिरवायचा, राग आला तरी केसांतूनच. मुलाच्या प्रेयसीला एक गाणं दिलं होतं, का दिलं होतं ते तिलाही माहीत नसावं. सगळ्यांच्या गालावर माइक, त्यामुळे कुजबुजसुद्धा लाऊडस्पीकरवरून. जुन्या नाटकात ज्या ठिकाणी आम्ही श्वास रोखून बसायचो त्या ठिकाणी पियानो वाजत होता. आता वाईट वाटून घ्या, असं बजावून सांगणारा पियानो.

आणि या सगळ्या भिकार पसाऱ्यात तो. जुनाच सदरा, जुनंच उभं राहणं. एकही शब्द चुकला नाही. त्याची प्रत्येक एंट्री आली की मी मनातल्या मनात त्याचे संवाद म्हणायला लागायचे आणि तो विंगेत गेला की मी श्वास सोडायचे. मध्यंतरात बटाटेवडा घेतला, तोही गार. ह्यांनी विचारलं, "निघायचं का?" मी म्हटलं, "तो आहे तोवर मी आहे." त्यांनी माझा उरलेला वडा खाल्ला.

इथे माझी एक खोड सांगायला हवी. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. गॅदरिंगच्या नाटकांना विंगेत वही घेऊन मीच प्रॉम्प्टिंग करायचे. पोर अडखळलं की पुढचा शब्द माझ्या तोंडातून आपोआप जायचा. घरीसुद्धा हे एखादं वाक्य बोलता बोलता थांबले की मी ते पुरं करते. बहुतेक वेळा त्यांना ते म्हणायचं नसतं, पण ते सोडा.

शेवटचा प्रसंग आला. ठोकळा बॅग घेऊन निघाला, चित्रातल्या दाराशी जाऊन उभा राहिला. पियानो, नवल म्हणजे, थांबला. माझा नट म्हणाला, "जा."

आणि गप्प झाला.

मी वाट बघितली. तो दाराच्या चित्राकडे बघत होता. ओठ किंचित हलल्यासारखे वाटले. एक, दोन, तीन... मागचे गृहस्थ कुजबुजले, "विसरला बहुतेक." तो शब्द कानावर पडला आणि माझ्या मेल्या जिवाला राहवेना. दुसरा नट, बदली, सगळं एकदम डोक्यात आलं. मी पुढे वाकले आणि तीस वर्षांच्या सवयीनं, शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हटलं, "दार मात्र ओढून घेऊ नकोस!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. अगदी क्षणभर. मग सावकाश म्हणाला, "दार मात्र ओढून घेऊ नकोस."

आणि लोक हसले. का नाही हसणार? ओढायला दार होतं कुठे! तो ठोकळा चित्रापुढे घोटाळला, मग बाजूच्या विंगेतून बाहेर गेला. लोक आणखी हसले. पडदा पडला.

मला मात्र धन्य वाटत होतं. सावरून घेतलं बाई त्याला, वेळेवर सावरलं. प्रयोग संपल्यावर रंगपटात जाऊन नटाला भेटायची आपल्याकडे पद्धत आहे, ती मी इतकी वर्षं पाळत आलेय. त्या दिवशी तर मी जवळजवळ धावतच गेले. तो आरशापुढे बसून मिशी काढत होता. मला ओळखून उठला.

"त्या तुम्हीच ना?" त्यानं विचारलं.

"हो, मीच. अहो, तुम्ही अडकलात असं वाटलं आणि..."

"नाही हो," तो हसला. इतकं मऊ हसला की त्यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं. "ते वाक्य मीच काढायला लावलं होतं. ओढायला दारच नाही, तर म्हणायचं कशाला? म्हटलं, नुसतं बघतो. बघून दार दिसतं का पाहू. एवढं एकच माझं ऐकलं त्यांनी."

मी शेजारच्या स्टुलावर बसले.

"मग... म्हणालात कशाला?"

"तुम्ही एवढ्या मोठ्यांदा बोललात. लोक तुमच्याकडे वळून बघायला लागले होते. पहिल्या रांगेत एकट्या पडला असतात तुम्ही." मग मिशी डबीत ठेवत म्हणाला, "वाक्य बिनचूक होतं मात्र. एक शब्दही इकडचा तिकडे नाही."

मी काय बोलले आठवत नाही. बहुधा नमस्कार केला. त्या दोन तासांत खरं म्हणावं असं जे एकमेव घडत होतं, ते मी मोडलं होतं. दिग्दर्शकाला, पियानोला, त्या ठोकळ्याला जे जमलं नाही ते मी पहिल्या रांगेत बसून करून दाखवलं.

खाली पार्किंगमध्ये हे स्कूटरपाशी उभे होते आणि शेजारीच ते मागचे मोबाईलवाले गृहस्थ आपल्या बायकोला सांगत होते, "पाहिलंस ना? संपला तो. शेवटी समोरून वाक्य सांगावं लागलं. आता बदलतीलच त्याला."

मी सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"तो विसरला नव्हता," मी म्हटलं. "ती जागा गप्प बसायचीच होती. मध्येच बोलणारी बाई मी. चूक माझी आहे. त्याची नाही."

गृहस्थांनी माझ्याकडे नीट पाहिलं, ओळख पटली, आणि त्यांनी चक्क हात जोडले.

"जाऊ द्या हो काकू," ते म्हणाले. "किती सांभाळून घ्याल त्याला? वय झालं की होतंच असं. तुम्ही होतात म्हणून आज निभावलं बघा."