नागेशनं फक्त रीस्टार्ट केलं होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही नीट कळत नाही.

सात रस्त्याजवळच्या एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात नागेश आणि मी शेजारी बसायचो. तो विणकरांच्या घरातला, घरी तेलुगू. कॉम्प्युटरवर काम करणारा त्यांच्यातला पहिलाच. थॅलेसेमियाच्या मुलांना रक्त देणाऱ्या एका केंद्राच्या नोंदी आम्ही सांभाळायचो — कुणाला कधी रक्त दिलं, कुणाला कशानं त्रास झाला. तो डेटाबेस जुन्या मशीनवरून क्लस्टरवर — एकत्र जोडलेल्या नव्या मशीन्सवर — मी हलवला होता.

तिथं डेटाबेस कंटेनरमध्ये, म्हणजे एका तात्पुरत्या डब्यात, चालतो. रीस्टार्ट केलं, की तो कंटेनर जाऊन नवा येतो आणि आतलं सगळं पुसलं जातं. म्हणून बाहेरची कायमची डिस्क जोडायची असते. मला माहीत नव्हतं का? होतं. पण जोडताना सारखी एरर येत होती, केंद्राची घाई होती — मी तात्पुरत्या जागेवर भागवलं. नंतर करू म्हटलं. केंद्रातून लॉगिन होऊ लागलं, नोंदी साठत गेल्या, आणि ते राहूनच गेलं. बॅकअपसुद्धा.

पुढं कधीतरी पासवर्ड बदलायचा होता. नागेशनं विचारलं, "स्वाती, रीस्टार्ट मारू का?"

"मार की," मी म्हटलं. मान वर न करता.

डेटाबेस परत आला तो रिकामा. जुन्या मशीनवरचं तेवढं उरलं; नंतरचे कित्येक महिने गेले.

सर येईपर्यंत मी घाईघाईनं डिस्क जोडून ठेवली होती. त्यांनी विचारलं, "डिस्क जोडली होतीस ना?"

"हो सर."

मग सगळे नागेशकडे बघायला लागले. आणि तो — त्यानं माझ्यावर शंका तरी घ्यायची! "माझ्याच हातनं काहीतरी पुसलं असंल," एवढंच म्हणाला.

नोंदी पुन्हा भरायला आम्ही केंद्रात गेलो. मंद्रूपची एक आई पोराला मांडीवर घेऊन बसली होती. "कुठलं रक्त याला सोसत न्हाय, ते तुमच्यातच लिवलं होतं की," ती नागेशला म्हणाली. तपासणीसाठी पोराला पुन्हा सुई टोचली. ते रडत होतं, नागेश तिची माफी मागत होता. मी शेजारी उभी होते. तेव्हा तरी बोलायला काय झालं होतं मला?

त्यानं महिन्याभरात नोकरी सोडली. माझा पगार वाढला.

परवा त्याच्या मामाच्या टॉवेलच्या दुकानात गेले. नागेश गल्ल्यावर होता, हातानं बिलं लिहीत. शेजारी कॉम्प्युटर झाकून ठेवलेला. मी त्याकडे बघितलं, तसा तो हसला. "मी हात लावत न्हाय त्याला. माझ्या हातात आलं की जातंय सगळं."

मी दोन टॉवेल घेतले आणि घरी आले.