उभ्यानं खायच्या पिएरोगी

नोव्हेंबरात दादाचा फोन आला. “मालती गेली रे,” एवढंच म्हणाला. आजार वर्षभराचा होता, तरी... कार्ल्सरूहेहून मिळेल ती गाडी पकडून आम्ही दादाच्या गावी, र्युसेल्सहाइमला पोचलो. दफनभूमीतल्या छोट्या प्रार्थनागृहात पाद्री बोलायला लागले, ते सारखे कुणा ‘माऊगोझाता’बद्दल. माऊगोझाता अशी मायाळू, माऊगोझाता तशी कष्टाळू. शेजारी बायकोची, सुनंदाची, चुळबुळ सुरू झाली. कानाशी येऊन म्हणाली, “अहो, आपण चुकीच्या मयताला तर नाही ना आलो?” आणि मीही, शहाणा, मान वळवून दाराजवळची पाटी वाचायला लागलो. शवपेटीत माझी सख्खी वहिनी होती आणि तिचं नाव मला पाटीवर वाचावं लागलं.

खरं तर ते नाव मी एकदा ऐकलं होतं. दादा जर्मनीत शिकायला आला, इथे त्याला ही पोलंडची मुलगी भेटली आणि लग्नासाठी तो तिला घेऊन सांगलीला उतरला, तेव्हा. आईनं नाव विचारलं, तिनं सांगितलं. “माऊ?” आई म्हणाली, “अरे, सून आणलीस की मांजर?” सगळे हसले, सर्वांत मोठ्यानं मी. लग्नात दादानं ताम्हणातल्या तांदळांत अंगठीनं ‘मालती’ लिहिलं, पेढे वाटले, प्रश्न मिटला. वहिनीही हसली होती. म्हणजे फोटोत तरी तसं दिसतं.

पुढे मीही नोकरीला इकडे आलो आणि दर नाताळच्या आदल्या संध्याकाळी तिच्या टेबलावर हजेरी लावू लागलो. त्या संध्याकाळी तिच्या माहेरी मांस शिजत नसे. मैद्याच्या पोळीच्या ग्लासानं चकत्या पाडायच्या, आत कोबी-मश्रूम नाहीतर बटाटा आणि ताजं चीज भरायचं, कडा चिमटायच्या आणि उकळत्या पाण्यात सोडायच्या... या पिएरोगी. आई एकदा राहायला आली होती, तिनं एक उचलून निरखली. “या करंज्याच की गं! पण आत कुत्र्याची छत्री? आणि तिखटमीठ विसरलीस वाटतं.” पुढच्या वर्षी मश्रूम गेलं आणि बटाट्यात हिरवी मिरची आली. मग हळद, मग कोथिंबीर. मग कुणीतरी... बरं, मीच... म्हणालो, “वहिनी, तळून बघ की जरा.” तिनं तळल्या. काय लागल्या! ‘मालतीच्या करंज्या’ आमच्या गोतावळ्यात इतक्या गाजल्या, की लोक दिवाळीलाही हक्कानं मागायचे. नाताळचा आणि त्यांचा काही संबंध होता, हे कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

एका नाताळात मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर ती ओट्याशी उभी राहून चार-दोन पांढऱ्याफटक पिएरोगी खात होती. वर लोण्यात परतलेला कांदा.

“अगं, बाहेर ये ना. आमच्यात बसून खा.”

“नको, भावजी. या माझ्या आईच्या. टेबलावर नेल्या की तुम्ही विचारणार, फिक्या का?”

“पण फिक्याच आहेत ना!” मी म्हणालो. मला तो विनोद वाटला. ती हसली, त्या फोटोतल्यासारखी.

यंदाच्या नाताळात दादा म्हणाला, तिच्या आठवणीसाठी करंज्या करू. त्याची मुलगी मीरा गार्चिंगला शिकते. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमधून येतं. मी मिरच्या चिरायला घेतल्या तशी ती म्हणाली, “ओने चिली, काका.” बिनमिरचीच्या. आणि पुढे म्हणाली, “पिएरोगी.”

मी मुकाट्यानं मिरच्या बाजूला सारल्या. पण पुढे काय? सारणात मीठ किती, चीज कुठलं, पाण्यात ठेवायच्या किती वेळ... “तू खाल्ल्यायस ना कधी तिच्या?” मी मीराला विचारलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. ती तळलेल्यांवरच वाढलेली. दादानं तर बायकोला उभ्यानं खाताना पाहिलंच नव्हतं. आणि विचारायचं तर तिच्या माहेरच्या एकाही माणसाचा नंबर आमच्यापाशी नव्हता. सुनंदासकट चौघं मिळून अंदाजानं कडा चिमटत बसलो. अर्ध्या तर पाण्यातच फुटल्या, उरलेल्या ताटांत वाढल्या. वर परतलेला कांदा घातला, तेवढा एक मला आठवत होता.

दादानं घास घेतला. पुष्कळ वेळ चावला. डोळे भरलेले होते, हे खोटं नाही.

“छान झाल्यात गं, मीरा,” तो म्हणाला. “फक्त थोडी मिरची हवी होती.”

मीरा आपलं ताट उचलून स्वयंपाकघरात गेली. आम्ही बसलो होतो तिथून तिची पाठ दिसत होती. ओट्याशी उभी राहून ती खात होती.