साठ अंशांचे तुकडे

भूमितीच्या बाईंना मुलं पाठीमागे ‘पुठ्ठाबाई’ म्हणत. चपलांचं रिकामं खोकं दिसलं की बाईंचा जीव त्यात अडकायचा! अशाच खोक्यांतून त्यांनी सातवीसाठी खेळ केला होता. पटावर वर्तुळ, फाशावर लिहिलेले जितके अंश पडतील तितक्या अंशांचा तुकडा उचलून त्यात बसवायचा. ज्याचं वर्तुळ आधी भरेल तो जिंकला. संशय आला तर कुणीही कुणालाही विचारायचं, “मोजू?” कोनमापक लावला आणि तुकडा खोटा निघाला, की बाद.

मुख्याध्यापकांच्या मते हा नुसता पोरखेळ. “गुरुवारी तपासणीला साहेब येतायत. त्यांनी मान डोलावली तर खेळाचा तास राहील. नाहीतर बाई, आपला खडू नि आपला फळा!”

बाईंनी कंबर कसली. साठ अंशांचे तुकडे झिजले होते, ते नव्यानं आखले आणि कापायला दिले यजमानांना. यजमानांनी चाळीस वर्षं शिवणकाम केलेलं, आता हाताला काम नाही. बिचारे रविवारभर मान मोडून कापत बसले. आणि जन्माची सवय ती! प्रत्येक तुकड्याचं टोक नेमकं राखलं, पण तिथून कडेकडे रुंदावत रेषेबाहेर शिलाईपुरती जागा सोडली. तपासून बघायचं बाईंच्या मनातसुद्धा आलं नाही.

गुरुवारी साहेब हौसेनं स्वतःच खेळायला बसले. फासाही असा शहाणा, की दर वेळी साठच! पाच तुकडे बसले, सहावा काही केल्या बसेना. साहेब अंगठ्यानं दाबू लागले. वर्षभर तोंडातून ब्र न काढलेली मागच्या बाकावरची मुलगी पुढे आली.

“मोजू?”

तिनं कोनमापक लावला. “बासष्ट. साहेब, तुमचा तुकडा बाद.”

बाईंना त्या पोरीला उचलून घ्यावंसं वाटलं आणि त्याच क्षणी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असंही वाटलं. साहेबांनी शेरा लिहिला: ‘विद्यार्थी मोजमापात तरबेज. साहित्य सदोष. खेळाचा तास बंद करावा.’

घरी यजमान दारातच उभे. “काय म्हणाले साहेब? माझे तुकडे कसे झाले?”

बाईंनी पर्स खुंटीला लावली. तीस वर्षांत त्यांनी अर्ध्या अंशाची चूक कुणाला माफ केली नव्हती.

“अगदी बरोबर साठ,” त्या म्हणाल्या.

यजमान खुलले. “मग आणखी कापू?”

तास गेला होता, पण मधली सुट्टी काही साहेबांनी बंद केली नव्हती. बाईंनी नवं खोकं पुढे सरकवलं.

“कापा. पण अहो, या वेळी रेषेवरूनच हं.”