अनुराधपूरचा पाठमोरा फोटो

हुडकेश्वर रोडवर नव्या घरांची रांग संपते आणि थोडी शेती अजून दिसते, तिथे पुष्पलता मेश्रामचा फोटो स्टुडिओ आहे. एक खोली, एक स्टूल, दोन दिवे आणि मागे पडदा. पडद्यावर ध्यानस्थ बुद्ध. पासपोर्टचा फोटो पांढऱ्या भिंतीसमोर निघतो, पण घरात लावायचा फोटो काढायला आलेला माणूस सांगतोच, "ताई, मागं बुद्ध येऊ द्या."

पुष्पलता मूळची आमच्या रामटेककडची. तिची आई कांताबाई धानाच्या बांधीत रोवणी करायची. एका वर्षी ती दीक्षाभूमीवर गेली होती. गर्दीत एका झाडाखाली बसून भाकर खात असताना एका गोऱ्या पाहुण्यानं तिचा फोटो काढला. विचारलं नाही. आपल्याच कॅमेऱ्यात बघून हसला आणि निघून गेला.

कांताबाई ते कधी विसरली नाही. "घास होता वं तोंडात," ती म्हणायची. "त्यानं कुठं टांगलं असन मले?"

ती गेली तेव्हा घरात तिचा एकही धड फोटो नव्हता. मतदान कार्डावरचा चेहरा मोठा करून भिंतीवर लावला, तोही धुरकट आला. पुढे पुष्पलता कॅमेरा शिकली. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही, आणि काढला तर त्याच्या हातात द्यायचाच, हे तेव्हापासून ठरलेलं.

मागच्या हिवाळ्यात विहारातली मंडळी श्रीलंकेला निघाली, पुष्पलताही त्यांच्यात होती. सोबत देवराव होते, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. डोकी मोजल्याशिवाय त्यांनी आयुष्यात बस सोडली नाही, परदेशातही सोडत नव्हते.

अनुराधपूरला बोधिवृक्षाजवळच्या एका विहारात पांढऱ्या साडीतली एक म्हातारी अंगणातली वाळू झाडत होती. उन्हात वाळूवर झाडूच्या रेघा उमटत होत्या, तळ्यावर वारा फिरावा तशा. पुष्पलतेला आपली आई आठवली. तिनं कॅमेरा दाखवला, म्हातारीकडे हात केला आणि मान तिरकी करून विचारलं. म्हातारी लाजली, हसली, हो म्हणाली.

मग पुष्पलतेनं ते केलं जे ती हुडकेश्वरला रोज करते. म्हातारीला हाताला धरून मूर्तीसमोर आणलं आणि खांदे धरून आपल्याकडे वळवलं. मागे बुद्ध, पुढे माणूस.

म्हातारीचं हसू विझलं. ती चटकन फिरली, मूर्तीपुढे गुडघे टेकून काही पुटपुटली आणि झाडू उचलून निघून गेली.

बसचा ड्रायव्हर तिथलाच, पण आपल्याकडच्या यात्रेकरूंमुळे थोडी हिंदी शिकलेला. तो हळूच म्हणाला, "दीदी, इधर बुद्ध को पीठ नहीं दिखाते. फोटो के लिए तो बिलकुल नहीं."

पुष्पलतेनं कॅमेरा खाली घेतला. आमच्या मुलखात मूर्ती मागे घेऊन उभं राहणं म्हणजे पाठीवर बापाचा हात. इथे तेच पाठ फिरवणं झालं होतं, आणि तेही तिनं दुसरीकडून करवून घेतलं होतं.

देवराव म्हणाले, "सोड ना वं. इथं बाया काय कमी आहेत? दुसरीचा काढ."

"फोटोचं नाही गा भाऊ. त्या गोऱ्यानं निदान माझ्या मायले ढकलून तर उभी नव्हती केली."

दुसऱ्या दिवशी बस पुढच्या गावाला निघणार होती. उजाडताच पुष्पलता विहारात गेली. कॅमेरा पिशवीतच ठेवला. म्हातारी दिसली, पण तिनं मान वळवली. पुष्पलतेनं मूर्तीपुढे डोकं टेकलं, आणि भिंतीला टेकलेला दुसरा झाडू घेऊन आपल्या अंगणासारखी पुढे पुढे झाडत निघाली.

म्हातारीला राहवलं नाही. तिनं येऊन तिला थांबवलं आणि मागे बोट दाखवलं. झाडलेल्या वाळूवर पुष्पलतेच्याच पावलांचे ठसे. मग म्हातारीनं करून दाखवलं. तोंड मूर्तीकडे ठेवायचं आणि एकेक पाऊल मागे सरकत झाडायचं. ठसा उरत नाही, पाठही होत नाही.

दोघी मागे सरकत फाटकापर्यंत आल्या. म्हातारीनं छातीवर हात ठेवून नाव सांगितलं, "सोमावती." आणि पिशवीकडे बघून भुवया उचलल्या.

ती मूर्तीकडे तोंड करून हात जोडून उभी राहिली. चेहरा हवा असता तर पुष्पलतेला मूर्तीकडे पाठ करावी लागली असती. तिनं मागूनच फोटो काढला. पांढरी साडी, पिकलेला अंबाडा, भेगाळलेल्या टाचा.

आता तो हातात द्यायचा होता. फाटकाबाहेर फोटोचं दुकान होतं, पण शटर बंद. ती पायरीवर बसली. देवरावांचा फोन आला.

"कुठं आहेस? बस सुटून राहिली."

"सुटू द्या. मी येतो मागून."

"मागून कशी येतं? तुयं गाव आहे का हे?"

"फोटो दिल्याशिवाय मी हलत नाही, भाऊ."

फोन बंद झाला. दुकानदार आला, शटर वर गेलं, मशीन गरम झालं. प्रिंट बाहेर येतो न येतो तोच बस दुकानासमोर उभी. एक डोकं कमी असताना निघणं देवरावांना जमलंच नव्हतं. "सीटावर माणूस नाही अन् तू निघायचं म्हणतं," ते ड्रायव्हरला सांगत होते, जणू हट्ट त्याचाच होता.

सोमावतीनं फोटो दोन्ही हातांत घेतला. आधी लांब धरला, मग जवळ. आपली पाठ तिनं कधी पाहिली नसावी. टाचांवर बोट ठेवून ती खुदकन हसली. फोटो आत नेऊन मूर्तीसमोर ठेवला, नमस्कार केला आणि पदराखाली घालून ती बसपर्यंत सोडायला आली.

पुष्पलता पायरी चढणार तेवढ्यात सोमावतीनं तिचा दंड धरला. इथे समोर रस्ता होता, मागे नारळाची झाडं, मूर्ती कुठेच नव्हती. तिनं केसांवरून हात फिरवला, निऱ्या सारख्या केल्या आणि कॅमेऱ्याकडे थेट बघत ताठ उभी राहिली.

खिडकीतून देवराव म्हणाले, "काढ लवकर. घरी जाऊन पाठवून देजो."

पुष्पलतेनं फोटो काढला आणि बसची पायरी सोडून पुन्हा फोटोच्या दुकानाकडे वळली.

"अच्छा," देवराव म्हणाले. मग ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. "इंजिन बंद कर, बाबा."